मिलो, ताकाकिबी आणि मायची भाकर

त्यानं माझ्या हातातलं कार्ड घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. "ब्रिंजल." मग हसला. "हे कुठल्या जमान्यातलं इंग्रजी गं? एगप्लँट लिही."

तो सहकारी संस्थेच्या चेअरमनचा पुतण्या. अमेरिकेत शिकून आलेला. मी त्याच संस्थेत कारकून. वडवणीजवळची आमची संस्था, धान्य आणि वैरण विकणारी. त्या वर्षी दुष्काळ होता, गाव टँकरवर जगत होतं, आणि पाणलोटाची कामं बघायला जपानहून पाहुणे येणार होते. जेवणाच्या प्रत्येक भांड्यापुढं इंग्रजी नावाचं कार्ड ठेवायचं काम माझ्याकडं. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली मी एकटीच.

लेडीज फिंगर खोडलं, ओक्रा झालं. कर्ड खोडलं, योगर्ट झालं. संचालक खुर्च्यांवर बसून हसत होते. मीही हसले. ते हसू अजून तोंडात कडू लागतं. ब्रिंजल चूक नव्हतं. आपल्या देशातलं इंग्रजी तेच म्हणतं. इंग्लंडात तर ऑबर्जिन म्हणतात. हे मला माहीत होतं. माहीत असून हसले.

शेवटचं कार्ड भाकरीचं. इंग्रजी अक्षरांत मी नुसतं 'जवार भाकर' लिहिलं होतं.

"जवार कुणाला कळणार? अमेरिकेत याला मिलो म्हणतात," तो म्हणाला. "आणि मिलो तिकडं गुरांना घालतात. पाहुण्यांपुढं वैरण ठेवता का? उचला ती टोपली. मी बेकरीचे पाव मागवलेत."

परत हशा.

माय दारात उभी होती. संस्थेचा स्वयंपाक तीच करायची. पहाटेपासून चुलीपुढं बसून त्या भाकरी तिनंच थापल्या होत्या. तिला इंग्रजी येत नाही. पण मिलो तिला पाठ आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती लहान पोर होती. आईबापाबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा रेशनला अमेरिकेची लाल मिलो मिळायची. "घशाखाली उतरायची न्हाई," ती आम्हाला सांगायची, "पर तिच्यावरच जगलो बाई." ते तिकडं गुरांचं खाणं आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. हसत हसत.

टोपली मी उचलली. दुसऱ्या कुणी नाही, मी. चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत वाढलेली मी. स्वाभिमान हा शब्द किती पत्रकांत मी स्वतः लिहिला होता. टोपली उचलताना एकही पत्रक आठवलं नाही.

स्वयंपाकघरात मायनं विचारलं, "आमाला गुराचं खाऊ घालत व्हते व्हय गं?"

मी कार्डाचा कोपरा नखानं कुरतडत बसले.

पाहुणे आले. त्यांच्यातली एक वयस्कर बाई वांग्याच्या भाजीकडं बोट करून म्हणाली, "नासु." पुतण्या पुढं वाकला. "नासु! किती गोड शब्द." दोनदा म्हणून बघितला. कुणी हसलं नाही. एगप्लँटसुद्धा कुणाला आठवलं नाही.

मग ती बाई हात धुवायला मागं आली. टोपली बघितली. शेजारी सुपात निवडायची ज्वारी होती, तिच्यातले दाणे तळहातावर घेतले. "ताकाकिबी," ती म्हणाली. ज्वारीचं त्यांच्याकडचं नाव. मोडक्या इंग्रजीत सांगत राहिली. त्यांच्या डोंगरातल्या गावात भात पिकत नसे. आजी याच्याच पिठाचे गोळे उकडायची. भाकर बघून तिचे डोळे भरले.

तिच्या मागून चेअरमन आले होते. त्यांनी सगळं ऐकलं. एरवी मायला 'ए भाकरवाले' म्हणणारे चेअरमन म्हणाले, "अहो ताई, भाकरी इथं कशाला ठेवल्यात? आणा टेबलावर." आणि पुतण्या दारातून मला, "कार्डावर ताकाकिबी लिही. पटकन."

मी पेन खाली ठेवला.

"न्हाई लिहीत," मी म्हणाले. "आन टोपली बी येणार न्हाई. वैरण हाय ना ती? पाव वाढा."

"उद्यापासून कामावर यायचं नाही," चेअरमन म्हणाले. आवाज बारीक, पाहुणीला कळू नये म्हणून.

"बरं."

मायनं माझ्याकडं बघितलं. "बस जेवायला," म्हणाली, आणि ताट ओढलं. पाहुणीचा काही दोष नव्हता. तिच्या हातावर मी अर्धी भाकर ठेवली, तिचं नाव सांगितलं, 'जवार भाकर'. मग आम्ही मायलेकी चुलीपाशी जेवलो.

इथं थांबले असते तर गोष्ट बरी दिसली असती. पण लाज अजून गेलेली नाही. माझी मान वर झाली ती ताकाकिबी ऐकल्यावर. माय दारात उभी होती तेव्हा नाही. समुद्रापलीकडच्या बाईनं ओळख दिली, मग मला कंठ फुटला. ती मागं आली नसती तर मी टोपली मुकाट घरी नेली असती, आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले असते.

कुठल्या देशात कशाला काय म्हणतात ते मी शिकेन. सगळे शब्द शिकेन. पण आमच्या ताटात अन्न आहे की वैरण, हे मी त्यांच्यातल्या कुणालाही विचारणार नाही. अमेरिकेला नाही, जपानलाही नाही.

पुढच्या वेळी ओळख द्यायला पाहुणी नसेल. तरी टोपली मी उचलणार नाही.