शेणाचे हात

आमच्या हिर्डोशीत शेणाचा हात कुणी घाण मानत नसे. सारवून झालं की हात लुगड्याला पुसायचे आणि भाकरीला बसायचं. "गाईचं श्यान, त्ये काय धुवायचं?" असं आत्या म्हणायची. वडिलांची ही थोरली बहीण आमच्याकडेच असायची आणि घरात तिचाच शब्द शेवटचा. मी दहा वर्षांची, आणि आगाऊपणात तिच्याहून वरचढ.

भातलावणीचे दिवस होते. आई खाचरात गेली होती, आत्या गोठ्यात होती, मी घर सारवत होते. आठ महिन्यांची बहीण भुकेनं रडायला लागली. मी परकराला हात पुसले आणि नाचणीची पेज बोटानं तिला चाटवली. ती बोट सोडेना. मला तिचं केवढं कौतुक वाटलं होतं!

दोन दिवसांनी तिला हगवण लागली. "पानी पाजू नगंस, आनखी वाढंल," आत्यानं आईला बजावलं आणि आईनं ते ऐकलं. बहिणीचे ओठ सुकले, डोळे खोल गेले. घागरीत तांब्या बुडाला की ती तिकडं मान वळवायची. चौथ्या दिवशी तेवढंही तिला जमेना, आणि संध्याकाळच्या आत ती गेली.

पुढच्या वर्षी भोरच्या दवाखान्यातून एक नर्सबाई आली. बायकांना देवळात बसवून म्हणाली, "सारवलं, बाळाचं धुतलं, की आधी हात राखेनं घासा, मगच त्याला भरवा. हगवण लागली तर उकळलेलं पाणी घोटघोट पाजत राहा." आमचं म्हणजे बैल गेला अन् झोपा केला. आत्या पदराआड हसली. आई हसली नाही. तिनं माझ्या हातांकडं पाहिलं आणि मी ते परकराखाली लपवले.

आजही कुठल्या लेकराला भरवताना त्यानं बोट ओठांत धरलं, की मी हात ओढून घेते. सुना मला विक्षिप्त म्हणतात, म्हणोत बापड्या.

आईनं मला कधी बोल लावला नाही. पण पुढं भाऊ झाला, तेव्हा त्याला माझ्या मांडीवर देण्याआधी ती मला न्हाणीत न्यायची आणि माझे हात स्वतः राखेनं घासायची, कातडी लाल होईपर्यंत. एकदा मी विचारलंच, "आये, ती माज्यामुळं गेली का गं?"

तिचं घासणं थांबलं नाही.

"दुसरा हात आन," ती म्हणाली.