कोरं पाणी

"आधी कोरं पाणी, बाई," असं म्हणत ते काचेचा चंबू उजेडात धरत. वर्ध्याला माती तपासणीच्या आमच्या प्रयोगशाळेत ते भांडी धुवायचे. माती न घालता नुसतं पाणी आधी तपासावं, म्हणजे भांड्याची खोट कळते, हा त्यांचा नेम. सगळे त्यांना बाबा म्हणत.

मी नवी होते. इंग्रजी शाळेत शिकलेली, कमी बोलणारी. "पुस्तकात हाय तेवढंच बोलता काय, बाई?" असं ते चिडवत. तुमच्याही कचेरीत असा कोणी असेल, ज्याचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं आणि कोणी मनावर घेत नाही.

आष्टीकडच्या एका बागाईतदाराने माती पाठवली. त्याची संत्री कडक, रस नाही, सालीत डिंक. मातीत बोरॉन कमी पडला की असं होतं. तो लागतो चिमूटभर; पण काळी चिकण माती त्याला धरून ठेवते, बरड जमिनीतून तो पावसाबरोबर निघून जातो. ही जमीन बरडच होती. तरी माझ्या तपासणीत हळदीच्या अर्काला लालभडक रंग आला. म्हणजे बोरॉन भरपूर. मी तसं कळवलं. मातीत दोष नाही तर झाडंच वाईट, असं समजून तो बाग तोडायला निघाला.

आठवड्याने बाबांनी माझ्यासमोर एक बशी ठेवली. आत हळदीचा अर्क. लाल.

"ही कुठली माती?"

"माती नाई, बाई. कोरं पाणी. तुमच्या नव्या चंबूत उकळलं."

बोरॉन त्या नव्या चंबूच्या काचेतच होता, उकळताना पाण्यात उतरला. जुनी भांडी बाजूला सारून तो चकचकीत चंबू मीच निवडला होता, आणि घाईत कोरं पाणी वगळलं होतं.

मी रडवेली झाले. "रडता काऊन? लिहून द्या. मी जातो मोटारीनं."

जुन्या चंबूत तपासलं, तर अर्क पिवळाच राहिला. झाडांना अगदी थोडा टाकणखार द्यावा, त्यात बोरॉन असतो, जास्त झाला तर पानं जळतील, असं मी लिहिलं. बाबा दुसऱ्या दिवशी परतले. "चार झाडं गेलती. बाकीचे हायेत." एवढंच बोलले.

पुढच्या बहाराला बागाईतदार संत्र्यांची टोपली घेऊन आला. बाबा महिन्यापूर्वीच तापाने गेले होते. मी तसं सांगितलं. त्याने टोपली खाली ठेवली.

"बाबा मले म्हणे, भांडं माह्याच्यानं नीट धुतलं गेलं नाई. मी लय शिव्या देल्या त्याले. आज माफी मांगाले आलतो."

शेजारच्या खोलीत प्रयोगशाळेचे साहेब बसले होते. दार उघडं होतं.

"भांडं स्वच्छ होतं," मी म्हटलं, तिकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "चूक माझी होती."