काकनं वाजली का ठोका पडायचा

उताराच्या वरच इंजान बंद करायचं आन गाडी गपचीप खाली आनायची, ही ह्यांची सवय. दारात नुसता ब्रेक कुरकुरायचा, का मी चुलीवर चाय ठेवायची. त्या सकाळी पिकप दारापर्यंत घरघरतच आली… तवाच मी वळखलं, ष्टेरिंगवर दुसरंच कोन तरी हाय. शेजारचा गनपत उतरला, मान वर करीना. "वयनी, दादा धक्क्यावर बरफाची पेटी उचलता उचलता खाली बसलं… उठलंच न्हाय."

थळच्या धक्क्यावर मासळी भरायची, आलिबागच्या बाजारात न्यायची, यातच आमचा जलम गेला. माज्या टोपलीबरोबर आळीतल्या समद्या बायांच्या टोपल्या ह्याच गाडीत. गाडी घेतली तवाच जुनी हुती. ह्ये म्हनायचे, मासळीचं पानी पत्र्याला वाळवीसारखं खातं. म्हनून बाजारातून आलं का आधी विहिरीच्या गोड्या पान्यानं गाडी खालून धुवायची, मंग सोताची आंघोळ. ब्याटरीच्या टोकांवर पांढरं फुललं का गरम पानी ओतून पुसून काढायचे. बाया मला चिडवायच्या, वयनी, दादानं सवत आनली गो. मी म्हनायची, सवत आसती तर चार भाकऱ्या तरी थापल्या आसत्या. वादळात घराचे पत्रे उडाले, तवा त्याच सवतीच्या हौद्यात वर ताडपत्री बांधून आमी संसार मांडला. भिजलेलं तांदूळ, धाकटं पोर, आन बाहेर वारा… ह्ये म्हनले, बघ, धुवून ठेवलेली कामाला आली का न्हाय.

मंग गाडीचा सेल्फ आडायला लागला. चावी फिरवली का नुसता टक. ह्ये चाकांना दगड लावून खाली झोपायचे आन लोखंडी पान्यानं सेल्फवर ठोकायचे. मी वर बसून चावी फिरवायची. चावी आन ठोका येकाच टायमाला पडाया पायजे. पयल्यांदा मी वरडून सांगितलं, फिरवते म्हनून. तर खालून म्हनले, "बोंबलू नको गो. तुजी काकनं वाजली का कळतं मला."

तवापासून कोन काय बोललं न्हाय. काकनं वाजली, ठोका पडला, गाडी चालू.

दहाव्याला बायांनी माजी काकनं उतरवली. मी रडली न्हाय. पोरगा उरणला कंटेनरच्या यार्डात कामाला, तो म्हनला, आये, भंगारात दे आता. मी म्हनलं, बायांच्या टोपल्या काय डोक्यावरून न्यायच्या आलिबागला? येकडाव बघू. तो बापाचा पाना घेऊन खाली झोपला, मी वर बसली. चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक. पाना काय वाजंना.

"आये, फिरवतेस का न्हाय?"

"फिरवली रं."

"मला कळलंच न्हाय."

मी हाताकडं बघितलं… दहाव्याला न आलेलं रडू तवा आलं. पोरगा खालीच पडून ऱ्हायला. मंग मी तोंडानं सांगितलं, ठोका पडला, गाडी चालू झाली. भंगाराचं नाव त्यानं परत काढलं न्हाय.

आता गनपत टोपल्या नेतो. पाना अजून सीटखाली, ह्यांच्या जुन्या टावेलात गुंडाळलेला. सकाळी गनपत खाली झोपतो, मी वर बसते. चावीवर हात गेला का आधी येकदा मनगट आपसूक झटकतं… खाली काय वाजत न्हाय. मंग मी सांगते, "फिरवते."