जिभेवरचा साबण

मार्गशीर्षातली थंडी पडली की रत्नागिरीत खोबरेल थिजतं. डबा उपडा केला तरी थेंब पडत नाही. त्या दिवसांत आवडाबाईचं काम तासभर आधी सुरू व्हायचं. अंधारात मिऱ्या गावाहून चालत यायचं, कारखान्याच्या अंगणात झावळ्यांचा जाळ करायचा, त्याभोवती तेलाचे डबे मांडायचे आणि तेल पातळ होईस्तोवर कॉस्टिक सोड्याचं पाणी तयार ठेवायचं. त्या सकाळी तर दव असं पडलं होतं की झावळ्या नुसत्या धुमसत होत्या. फुंकून फुंकून बाईचे डोळे लाल झाले.

कारखाना म्हणजे तरी काय? चिऱ्याच्या चार भिंती, वर नळ्यांचं छप्पर आणि मधोमध माणूस बसेल एवढी कढई. पण मालक आप्पांचा तोरा मोठा. साबणाच्या वडीच्या कागदावर त्यांनी छापून घेतलं होतं : 'चरबीचा अंश नाही. सोवळ्यातही चालेल.'

आवडाबाई खारव्याची, मासेमाराच्या घरातली. नवरा होडीबरोबर गेला तो परत आला नाही, तेव्हा ती इथं लाकडं वाहायला लागली. साबण शिजवायला मुंबईचा कारागीर होता. तो आप्पांशी भांडून ऐन दिवाळीत निघून गेला. मग आप्पा पुस्तक उघडून बसले. पुस्तकातला साबण एकदा दह्यासारखा झाला, एकदा दगडासारखा. तिसऱ्या खेपेला आवडाबाईनं लाकडं खाली टाकली, काडीनं कढईतला थेंब उचलला आणि कारागीर करायचा तसा जिभेच्या टोकाला लावला. साबण जिभेला चावला तर कच्चा, नाही चावला तर झाला. एवढीच विद्या. पण ती अंगात मुरावी लागते, आणि ती जीभ जाळून मुरते. त्या दिवसापासून कढई तिच्याकडे आली; ढवळायला तिनं घरून मोडकं वल्हं आणलं. नऊ वर्षं शहरानं अंगाला लावला तो साबण तिच्या जिभेनं पास केलेला. जिभेचं टोक पांढरं पडलं. कालवणातलं मीठ तिला कळेना. ते तिची लेक राही चाखून सांगायची.

ही राही मुलींच्या शाळेत पाचवीत. वर्गात एकदा बोलून गेली, "साबण माझी आई करते." पोरी खिदळल्या. "मग बांगड्याचा वास कसा नाही गो येत?" तेव्हापासून तिला थापाडी हेच नाव पडलं. म्हणून मास्तर सगळ्या वर्गाला कारखाना दाखवायला नेणार असं ठरलं तेव्हा राही धावत घरी आली. मायलेकी दोघी रात्रभर खूश. शाळा येणार त्या पहाटे आवडाबाईनं धुवट लुगडं नेसलं, अबोलीचा वळेसर माळला.

तेल कढईत पडलं आणि आप्पा आले. वळेसराकडे बघून म्हणाले, "आवडे, शाळा येत्येय. तू मागं लाकडांच्या खोपीत बस. हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही."

"आनि कढई?"

"रघू बघेल."

आप्पांचा पुतण्या रघू सोवळ्याचा रेशमी कद नेसून उभाच होता. वल्हं त्यानं असं धरलं होतं, जसं कुणी मेलेला साप धरावा.

"आप्पा, माजी पोर येतेय बगायला."

"येऊ दे की. ती कारखाना बघायला येत्येय. तू काय कारखाना आहेस?"

ती खोपीत जाऊन बसली. हातावरचं पोट माणसाला कुठं कुठं बसवतं!

मुली आल्या, रांगेनं कढईभोवती उभ्या राहिल्या. आप्पांनी शुद्धतेवर व्याख्यान झोडलं. मास्तरांना एक वडी भेट दिली. तेवढ्यात एका चुणचुणीत पोरीनं विचारलं, "साबण झाला हे कसं कळतं?"

रघूनं आप्पांकडे बघितलं.

"शास्त्रानं," आप्पा म्हणाले.

"म्हणजे कसं?"

"म्हणजे... रंगावरून."

"नाही," राही म्हणाली. "माझी आई जिभेला लावून बघते."

"शी! उष्टा?" कुणीतरी किंचाळलं. "आणि आमची आजी सोवळ्यात वापरते!" मास्तरांनी हातातली वडी दोन बोटांत धरली.

आप्पांचा चेहरा पडला, मग तापला. "खोटारडी कार्टी! हिची आई इथं लाकडं वाहते. मास्तर, असल्यांना आणता कशाला?"

मास्तरांनी चौकशी केली नाही की काही नाही. "राही, कान धर. माफी माग आप्पांची."

पोरीनं कान धरले.

खोपीचं दार वाजलं. आवडाबाई कढईपाशी येऊन उभी राहिली. आप्पा गोड झाले. "ये, ये. सांग गो मुलींना, तू लाकडं वाहतेस ना? एवढंच सांग आणि जा कामाला."

तिनं रघूच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. टोकावरचा थेंब बोटावर घेतला, निवू दिला आणि सगळ्यांदेखत जिभेला लावला.

"चावतोय. कच्चा हाय," ती म्हणाली. "बाय, कान सोड. नऊ वर्सं मीच चाखतंय. तुमच्या समद्यांच्या न्हाणीत गेला तो बी मीच चाखलेला. आजीस सांगा, काय झाला नाय तिला."

मास्तरांनी वडी हळूच कट्ट्यावर ठेवून दिली आणि मुलींना रांगेत घातलं. भाजतं का, असं त्या जिभेला एकानंही विचारलं नाही. विटाळाची चिंता सगळ्यांना, जळण्याची कुणालाच नाही. राही मात्र त्या रांगेत शेवटी चालताना दोनदा मागं वळून आईकडे बघून हसली.

अंगण रिकामं झालं तसे आप्पा गरजले, "उद्यापासून इथं पाऊल टाकायचं नाही!"

"नाय टाकत," आवडाबाई म्हणाली. "पन ही कढई उतरवून जाईन. असला कच्चा कुनाच्या पोरास लागला तर कातडी सोलेल."

आप्पांनी कढईकडे बघितलं. कढईभर तेल वाया गेलं असतं.

"रघू, उभा काय ऱ्हायलास? मिठाचं पोतं आन, मीठ पडल्याबिगर साबन वर येत नाय," ती म्हणाली, पदर खोचला आणि वल्हं फिरवायला लागली.