चहा ठेवण्याआधी आडनाव

चहा ठेवला होता. साखरेच्या डब्याचं झाकण वाजलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं. केजमधलं घर. बाहेरच्या खोलीत मी आणि माझी नऊ वर्षांची पोरगी प्रज्ञा सोफ्याच्या कडेला बसलो होतो. घरमालकीण बाई बोलायला चांगल्या होत्या. वरच्या दोन खोल्या त्यांनी दाखवल्या. पाणी चार दिवसांनी येतं पण टाकी मोठी आहे म्हणाल्या. माझ्या शिलाई मशीनच्या आवाजाचं काही नाही म्हणाल्या. आत सुनेला सांगितलं, "दोन कप जास्तीचा टाक गं."

मग मला विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

मी सांगितलं.

बाई उठून आत गेल्या. कुजबूज नाही, काही नाही. फक्त गॅसचं बटण फिरल्याचा आवाज आला. खट.

बाहेर येऊन म्हणाल्या, "वाईट वाटून घिऊ नगा बाई. आमचं काय न्हाई हो. पण आमच्या सासूबाई लई जुन्या वळणाच्या हायत."

सासूबाई माझ्या समोरच होत्या. भिंतीवर. फोटोत, हार घातलेल्या.

आम्ही उठलो. चपला घालताना प्रज्ञा वाकून आत स्वयंपाकघराकडं बघत होती. रस्त्यावर आल्यावर तिनं विचारलं, "आई, चहा येणार होता ना?"

"त्यांचा गॅस संपला," मी म्हणाले.

पोरीशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं. एकदा सुरू झालं की खोट्याला सवय लागते. मलाही लागली.

मी चाकणला कंपनीत पॅकिंगला होते. नवऱ्यानं तिथंच दुसरं घर केलं, म्हणून मी त्याचं पहिलं घर सोडलं. दोन वर्षं एका खोलीत पोरीला घेऊन काढली. मी शिफ्टला गेले की ती शेजारणीकडं, शेजारीण शिफ्टला गेली की कुलूप लावून आत. एक दिवस दार उघडलं तर ती खिडकीच्या गजाला धरून उभी होती, रडून झालेली. त्या दिवशी ठरवलं, बास. परत आपल्या मुलखात जायचं. हाताला शिलाई होती. पिको-फॉलचं मशीन हप्त्यानं घेतलं होतं, ते फिटलं होतं. मशीनला गाव लागत नाही. चार भिंती आणि लाइट असली की चालतं.

नांदूरघाटला आई आहे. पण तिथं दोन खोल्यांत भावाचा संसार. माहेर सणाला गोड. रोजचं ताट मांडलं की भावजयीच्या तोंडाकडं बघावं लागतं, आणि तिचं तरी काय चुकलं?

मग प्रज्ञाच्या वहीच्या मागच्या पानावर गावं लिहिली. बीड, केज, वडवणी. बीडला भाडं ऐकूनच पान उलटलं. केजला आई जवळ, जीप सारख्या चालू, शाळा चांगली. वडवणी लहान गाव, भाडं कमी, बाजार भरतो आणि बाजाराच्या दिवशी खेड्यातल्या बाया ब्लाउज शिवायला टाकतात. मी किती बारीक विचार केला होता. शाळेला रस्ता ओलांडावा लागतो का, दवाखाना चालत किती, रात्री पोरीला ताप आला तर रिक्षा मिळते का. एकटीनं मूल वाढवणारी बाई गाव निवडते ती अशी. आडनावाचा रकाना मात्र मी आखलाच नव्हता. वेडीच मी.

केजमध्ये पाच घरं बघितली. पहिल्याचं सांगितलंच. दुसरीकडं आजोबा होते. त्यांना आडनावाआधी दुसरंच पाहिजे होतं.

"मालक काय करतेत?"

"नाहीत."

"वारले का?"

"नाही. सोडलं."

"कुणी सोडलं?"

"मी."

आजोबांनी चष्मा काढून पुसला. "कुणी बाप्या माणूस घिऊन या. मग बोलू."

तिसऱ्या घरात खोली सकाळी रिकामी होती, आडनाव सांगितल्यावर दुपारच्या आत भरली. उरलेल्या दोन घरांचं काय सांगू, तेच. सगळे गोड बोलले. एकानंही शिवी दिली नाही. कुणी शिवी दिली असती तर निदान उलटून बोलता आलं असतं. गोड बोलणाऱ्याला काय करायचं?

आता वाचताना तुम्हालाही वाटत असेल, हिचं आडनाव आहे तरी कोणतं. तुम्ही घर भाड्यानं देणार असाल तर सांगते.

मग वडवणी. तिथं माझा मावसभाऊ राहतो. शिकलेला, सरकारी नोकरी, बायको शिक्षिका. लहानपणी जयंतीच्या मिरवणुकीत याचाच आवाज सगळ्यात मोठा असायचा. त्याच्या बैठकीच्या खोलीत धबधब्याचं चित्र होतं. मी चारी भिंती बघितल्या. आमच्या प्रत्येक घरात असतो तो निळ्या कोटातला फोटो कुठंच नव्हता.

"दादा, फोटो कुठंय?"

वहिनी उठली आणि तिनं कपाट उघडलं. साड्यांच्या मागं, दाराला आतून चिकटवलेला होता. कपाट उघडलं की दर्शन, लावलं की अंधार.

"भाड्याचं घर हाय," दादा म्हणाला. "मालकाला म्हाईत न्हाई. तू बी जरा आकलेनं घे. नांदूरकर सांग आडनाव. गावावरून असतंय लोकांचं. आन् नवरा पुण्याला कंपनीत हाय म्हणायचं. गळ्यात काळे मणी घाल, खोटे का असंना. पोरगी मोठी व्हायलीय. तिला छप्पर पायजे का तुझं खरं बोलणं?"

मला राग आला. पण खरं सांगते, रागापेक्षा हायसं जास्त वाटलं. कुणीतरी वाट दाखवली होती. पाच घरांनी माझी हाडं मऊ केली होती. मी बाजारातून मणी घेतले.

घर मिळालं. लगेच मिळालं. मालक गावातले पुढारी, लोक त्यांना आबा म्हणतात. शेती, ट्रॅक्टर, दारात बोलेरो. मागच्या बाजूच्या दोन खोल्या. लिहून काही घेतलं नाही. दादाच्या शब्दावर किल्ली दिली. जीपमध्ये सामान टाकलं तेव्हा प्रज्ञाला शिकवलं. कुणी विचारलं तर नांदूरकर म्हणायचं. पप्पा पुण्याला आहेत म्हणायचं. तिनं दोनदा म्हणून दाखवलं. पाढे म्हणते तसं.

आमच्या घरात एक रीत आहे. नव्या घरात आधी फोटो जातो. मग भांडी, मग अंथरूण. मी लग्न होऊन चाकणला गेले तेव्हा आईनं वहीएवढी फ्रेम हातात दिली होती. म्हणाली होती, "ह्यो आधी. तुझं पाऊल मागून." त्या दिवशी वडवणीत तो फोटो सगळ्यात शेवटी घरात गेला. ज्वारीच्या डब्यात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून मी तो दाण्यांत खोल खुपसला होता, चोरीचा माल खुपसतात तसा.

सामान लावतच होते, तोवर आबांच्या मालकीण, काकू, पातेलंभर दूध घेऊन आल्या. बाई मायाळू. खरंच मायाळू. म्हणाल्या, "नवं घर हाय, दूध उतू घाला. सवाशिणीच्या हातानं. तुमीच घाला, म्या बघते." शेगडी मांडली, दूध ठेवलं. काकूंनी माझ्या मण्यांना हळद-कुंकू लावलं. मी मान खाली घातली. दहा रुपयांचे मणी. त्यांना हळद-कुंकू.

दूध वर यायला वेळ लागतो. तेवढ्यात काकूंनी प्रज्ञाला जवळ ओढलं. केसांवरून हात फिरवला.

"लई गुणाची दिसती. नाव काय गं बाळा? पुरं सांग बरं."

"प्रज्ञा," ती म्हणाली.

आणि थांबली.

तिनं माझ्याकडं बघितलं.

नऊ वर्षांची पोरगी. चौथीत. तीसचा पाढा न अडखळता म्हणणारी. तिला स्वतःचं नाव सांगायला माझ्या तोंडाकडं बघावं लागत होतं. मी लहान होते तेव्हा आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बाया मळ्यात पाणी मागताना बांधाच्या अलीकडं थांबून अशाच बघायच्या. पुढं येऊ का, म्हणून. त्या बायांना तसं बघायला दुसऱ्यांनी शिकवलं होतं. माझ्या पोरीला मी शिकवलं. जीपमध्ये. दोनदा घोकून घेऊन.

मला माझीच इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. केजच्या गॅसच्या बटणाचीसुद्धा नाही.

"सांग," मी म्हणाले. "शाळेत सांगतीस तेच सांग."

ती गोंधळली. "खरं?"

"खरं."

तिनं सांगितलं. आधी तिचं नाव, मधे माझं नाव, मग आमचं आडनाव. मोठ्यानं. हजेरीला उभी राहिल्यासारखी.

काकूंचा हात तिच्या केसांवरून निघाला. पटकन नाही. हळूच. मागं दूध उतू गेलं आणि शेगडी फसफसली. कुणीच बंद केली नाही, मग मी केली. गळ्यातले मणी काढून ओट्यावर ठेवले.

"नवरा पुण्याला नाही, काकू. मी सोडलंय त्याला. खोटं बोलले ते माझं चुकलं. बाकी माझं काही चुकलेलं नाही."

मग ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. फ्रेम काढली. पदरानं पुसली. भिंतीला आधीच्या भाडेकरूच्या कॅलेंडरचा खिळा होता, त्याला लावली. फोटो वाकडा लागला. प्रज्ञानं स्टुलावर चढून सरळ केला.

काकू पातेलं तिथंच टाकून गेल्या. थोड्या वेळानं आबा आले. दाराच्या बाहेर उभे राहिले, उंबऱ्यावर पाय दिला नाही. स्वतःच्याच घराच्या उंबऱ्यावर.

"हे बघा बाई," ते म्हणाले, "आमच्यात असलं काय न्हाई. आमी जयंतीला वर्गणी देतो. दरसाल. तुमी खोटं बोललात, आमचं म्हणणं येवढंच हाय. सांच्यापारी सामान काढा."

"खरं बोलले असते तर दिलं असतं का?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला.

"सांगा ना आबा. कालच खरं आडनाव सांगितलं असतं तर किल्ली दिली असती का?"

"तसं न्हाई, पण…"

मी प्रज्ञाची वही घेतली. ज्या पानावर गावं लिहिली होती तेच पान फाडलं. त्याची कोरी बाजू आणि पेन त्यांच्यासमोर धरलं.

"यावर लिहून द्या. खोली का काढून घेताय ते. खोटं बोलले म्हणून लिहिणार असाल तर कोणतं खोटं, तेही लिहा. आडनावाचं, असं लिहा. खाली सही करा. मी आत्ता जीप बोलावते."

"आसं कागदावर कुनी लिहितं व्हय?"

"जे तोंडानं बोलता येतं ते हातानं का लिहिता येत नाही?"

आबांनी दोन्ही हात पाठीमागं घेतले. ते मला भ्याले असं मी म्हणणार नाही. माझ्यासारखीला कोण भितंय? पण नगरपंचायतीच्या निवडणुकीची हवा होती आणि वडवणीतल्या आमच्या लोकांची मतं त्यांनी मोजून ठेवलेली होती. त्या कागदाची किंमत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. पेन त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "ऱ्हावा. पण नीट ऱ्हावा." आणि गेले.

नीट म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

रात्री दादाचा फोन आला. चिडला होता. "माझं बी नाव खराब केलंस. माझा घरमालक आता माझ्याकडं बी संशयानं बघतोय."

"मग कपाट उघड की दादा," मी म्हणाले. त्यानं फोन ठेवला. अजून बोलत नाही. तो वाईट माणूस नाही. भ्यालेला आहे, आणि भिण्यासारखं आहे हे मला पाच घरांनी दाखवलं आहे. पण त्याची पोरं कपाट उघडून दर्शन घेतात आणि कपाट लावून खेळायला जातात. मला ते बघवत नाही.

सगळं छान झालं असं काही नाही. आमच्या बाजूची पाण्याची मोटर अधूनमधून बंद पडते. फक्त आमच्याच बाजूची. काकू समोरून जाताना पदर सावरून घेतात. पहिले दोन महिने शेजारच्या बायांनी कपडा दिला नाही. मग एकीच्या पोरीचं लग्न आलं, दुसऱ्या शिंप्यानं वेळ दिला नाही, तिचे ब्लाउज माझ्याकडं आले. माप घेताना ती अंग चोरत होती. मी टेप धरून उभी राहिले आणि म्हणाले, "बाई, सरळ उभ्या ऱ्हावा. न्हाईतर बाही चुकती." ती सरळ उभी राहिली. ते काळे मणी वाया गेले नाहीत, तिच्याच ब्लाउजच्या बाहीला लावले.

दारावर पत्र्याची पाटी लावली आहे. पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे ड्रेस. खाली माझं नाव. आडनाव सगळ्यात मोठ्या अक्षरात, रस्त्यावरून जीपमधल्या माणसाला वाचता येईल एवढं. रंगारी म्हणाला, "ताई, आडनाव जरा बारीक करू का? बसत न्हाई." मी म्हणाले, "पाटी मोठी घे."

निवडणूक झाली की आबा खोल्या रिकाम्या करायला सांगतील. मला माहीत आहे. सांगू देत. तेव्हा परत वही काढीन, परत गावं लिहीन, वडवणी, केज, लागलं तर बीडसुद्धा. ज्वारीचा डबा ज्वारीचाच राहील. फोटो माझ्या हातात असेल, आणि मी उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून, खोली बघायच्या आधी, भाडं विचारायच्या आधी, माझं पूर्ण नाव सांगीन. प्रज्ञा तिचं सांगेल. माझ्याकडं न बघता.

मग चहा ठेवायचा का नाही ते त्यांनी ठरवावं.