बाण फिरवला

सकाळी घरातून निघण्याआधी आत्या घराशी बोलायची. "गॅस बंद. नळ बंद. मागची खिडकी बंद. इस्त्री काढली." एकेका वाक्याबरोबर तिचं बोट त्या त्या वस्तूकडे जायचं, जणू वर्गात हजेरी चालली आहे. मग दाराला कुलूप लावून ते दोनदा ओढायचं आणि कुलपालाही सांगायचं, "लागलं."

जिन्यात भेटणाऱ्या शेजारच्या काकू विचारायच्या, "झाल्या का तुमच्या आत्याच्या सकाळच्या बातम्या?"

हा प्रश्न भाचीला असायचा. कॉलेजसाठी ती आत्याकडे राहायला आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि त्या वयात घरातल्या माणसांची लाज वाटायला फारसं कारण लागत नाही. ती दोन पायऱ्या पुढे पळून जायची. एकदा चिडून म्हणालीही, "आत्या, एकटी राहून राहून तू अशी झालीस."

"एकटी राहून नाही गं. गॅससोबत राहून."

ते खरंच होतं. आत्या त्याच कॉलेजच्या रसायनशाळेत सहायक होती. अठ्ठावीस बर्नर, दोनशेच्या वर बाटल्या, आणि दर वर्षी नव्याने येणारी, कशाचाही वास घेऊन बघणारी मुलं. ती नोकरीला लागली तेव्हाच्या म्हाताऱ्या सहायकांनी तिला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवली होती: हाताने केलं की तोंडाने सांगायचं. हात विसरतो, कान विसरत नाही. आत्याने ते गाठीला बांधलं. प्रयोगशाळेतून घरी आणलं आणि पुढे बास्केटबॉलच्या टेबलावरही नेलं.

टेबलावर ती कशी आली, याची गोष्ट अगदी साधी. बारीक अक्षर असलेलं आणि आरडाओरडा झाला तरी मान वर न करणारं माणूस क्रीडाविभागाला हवं होतं. आत्या गेली, आणि भाची शेवटच्या वर्षाला पोचली तेव्हा एकोणीस वर्षं तिथेच बसत होती. उजव्या हाताने गुणपत्रक लिहायची, डाव्या हाताने बाण फिरवायची.

हा बाण म्हणजे प्रयोगशाळेतल्या मोडक्या फळीतून तिने स्वतः कापलेला, लाल रंग दिलेला, एका खिळ्यावर फिरणारा लाकडाचा तुकडा. दोन मुली एकाच वेळी चेंडूला चिकटल्या आणि कुणीच सोडेना, की पंच शिट्टी मारून टेबलाकडे बघतात. बाण ज्या संघाकडे, चेंडू त्याचा. प्रत्येक नव्या सत्राची सुरुवातही बाण बघूनच. एकदा एका संघाला चेंडू मिळाला की बाण लगेच दुसऱ्याकडे फिरवायचा, म्हणजे पुढची पाळी त्यांची. इतकंच काम. पण फिरवायचं राहिलं तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि येतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून आत्या फिरवायची आणि मोठ्याने म्हणायची, "बाण फिरवला." शेजारी घड्याळ सांभाळणारे भौतिकशास्त्राचे सहायक, ज्यांना सगळे घड्याळकाका म्हणत, मान हलवायचे. खेळाडू मुली तिला बाणआत्या म्हणायच्या, आणि तिला ते आवडायचं. आवडतं असं मात्र तिने कधी दाखवलं नाही.

भाची पिवळ्या जर्सीत खेळायची, नऊ नंबर. ती शेवटच्या वर्षाला असताना महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय स्पर्धा पहिल्यांदाच त्यांच्या कॉलेजात आली.

ते सहा दिवस तिला पुढे आयुष्यभर वासासकट आठवत राहिले. सोळा संघ, वर्गांत बाकं भिंतीला लावून टाकलेल्या गाद्या, खडूची धूळ आणि दुखऱ्या गुडघ्यांना लावायचं मलम. न्हाणीघरं पुरेनात, म्हणून रसायनशाळा उघडली गेली. आठ बेसिनवर आठ कॉलेजांच्या मुली दात घासत उभ्या असत. ब्युरेटच्या स्टँडवर मोजे वाळत होते. आत्या त्यांच्यामधून फिरत म्हणायची, "नळ बंद. हाही बंद. अगं तू, तुझा नळ कोण बंद करणार, तुझी सासू?" तिसऱ्या दिवशी मुलीच एकमेकींना ओरडून सांगू लागल्या, "नळ बंद!" आणि हसून लोळू लागल्या. भाचीला त्या आठवड्यात पहिल्यांदाच आत्याची लाज वाटली नाही. उलट ती जिला तिला सांगत सुटली, "माझी आत्या आहे ती."

पिवळा संघ अंतिम फेरीत पोचला. कॉलेजच्या काचेच्या कपाटात तोवर जिल्ह्याचे कप होते, राष्ट्रीय कपाची जागा रिकामीच होती. भाचीला तर पुढचं वर्षच नव्हतं. जे व्हायचं ते आताच.

आत्या स्वतःहून क्रीडासरांकडे गेली. "अंतिम सामन्याला मला नका बसवू. माझी भाची खेळतेय."

समोरच्या निळ्या संघाच्या कोचबाई तिथेच उभ्या होत्या. खणखणीत आवाजाच्या, गळ्यात शिट्टी. त्या म्हणाल्या, "बसू दे हो त्यांना. सहा दिवस बघतेय मी. ही बाई स्वतःच्या सावलीला फाउल लावेल."

आत्या बसली.

सामना पहिल्यापासून अटीतटीचा. चौथं सत्र सुरू होताना चेंडू पिवळ्यांचा होता, बाणानेच दिलेला. तेवढ्यात पंचांना भाचीच्या केसांतल्या लोखंडी पिना दिसल्या. वेणी सुटत आली म्हणून मैत्रिणीने आत्ताच्याच विश्रांतीत खोचलेल्या. "नऊ नंबर, पिना काढ." भाचीने पळत येऊन पाच पिना आत्याच्या डाव्या तळहातावर टाकल्या आणि ती पळत परत गेली. शिट्टी वाजली, चेंडू आत आला, आत्या मोठ्याने म्हणाली, "बाण फिरवला." काकांनी मान हलवली.

सत्राची आठ मिनिटं उरली असताना भाची टेबलासमोरच्या रेषेवरून चेंडू आत टाकायला उभी राहिली, आणि तिची नजर बाणावर गेली. तो अजून पिवळ्यांकडेच होता. आत्याची डावी मूठ गुणपत्रकाच्या कडेला घट्ट मिटलेली होती. भाचीला कळलं. आत्याने तोंडाने फिरवला होता, हाताने नाही. एक शब्द पुरला असता. पण पुढची पाळी आपली, असं तो लाल तुकडा सांगत होता, आणि गुण बरोबरीत होते. भाची मूग गिळून गप्प बसली. चेंडू टाकला आणि धावत सुटली. पुढची आठ मिनिटं तिने टेबलाकडे बघितलं नाही.

नऊ सेकंद उरले. निळे बासष्ट, पिवळे एकसष्ट. चेंडू निळ्यांच्या उंच मुलीकडे. भाचीने झेप घेतली, दोन्ही हात चेंडूवर, दोघी जमिनीवर. दोघींपैकी कुणीच सोडेना. शिट्टी. पंचांनी टेबलाकडे बघितलं आणि हात पिवळ्यांच्या बाजूला केला.

सभागृह नुसतं उसळलं. निळ्या कोचबाई बाकावरून उठल्या. "सत्राचा पहिला चेंडू त्यांनाच मिळाला होता! आता आमची पाळी!"

पंच टेबलापाशी आले. घड्याळकाका म्हणाले, "बाण फिरलाय साहेब, म्हणजे पहिला चेंडू निळ्यांचाच असणार. मी माझ्या कानाने ऐकलं. एकोणीस वर्षांत ह्यांचा शब्द खाली पडलेला नाही."

पंचांनी आत्याकडे बघून विचारलंसुद्धा नाही. ते मागे वळले. कोचबाईही क्षणभर थांबल्या, आणि काय नवल, हळूहळू खाली बसायला लागल्या. आत्याचा शब्द त्यांनीही सहा दिवस ऐकला होता.

तेव्हा आत्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. मूठ उघडली. पाच पिनांचे वळ तळहातावर उमटले होते. तिने पिना टेबलावर ठेवल्या आणि भोंग्याचं बटण दाबलं.

"चूक माझी आहे," ती उभी राहून म्हणाली. "मी फिरवला म्हणाले, पण फिरवला नाही. चेंडू निळ्यांचा."

काका हळूच म्हणाले, "बाई, नीट आठवा."

"आठवूनच सांगतेय. हात मोकळाच नव्हता माझा."

निळ्यांनी चेंडू आत टाकला, पिवळ्यांनी नाइलाजाने फाउल केला, निळ्यांनी एक गुण वाढवला. भाचीने शेवटचा चेंडू अर्ध्या मैदानावरून फेकला. तो रिंगवर दोनदा नाचला आणि बाहेर पडला. वरच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "आत्या, उद्या निळी जर्सी घालून ये!" लोक हसले. आत्या गुणपत्रकाच्या तळाशी रेघ मारत होती. ती रेघ सरळ आली होती, हे भाचीने नंतर पाहिलं.

संध्याकाळी घरी भाचीच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

"तुला कुणी विचारलं होतं का? पंचांनी मान्य केलं, काकांनी मान्य केलं, त्या कोचबाईसुद्धा बसल्या होत्या खाली!"

"हो ना. माझ्या बोलण्यावर बसल्या."

"मग?"

"मग काय. बोलणं चुकीचं होतं."

"माझं शेवटचं वर्ष होतं, आत्या!"

"माहितेय गं." आत्याने पर्समधून कागदाची पुडी काढून तिच्यासमोर ठेवली. "तुझ्या पिना. पाच आहेत, बघून घे."

भाची त्या पुडीकडे बघून रडायला लागली. आत्याला वाटलं, कपासाठी रडतेय. तिने पाण्याचा पेला आणून ठेवला आणि पाठीवरून हात फिरवत राहिली. भाचीला तो हात सोसवेना. ती पंधरा दिवस आत्याशी धड बोलली नाही. एकाच टेबलावर जेवायची, एकाच जिन्याने उतरायची, तेवढंच. लोकांना राग दिसत होता. आपण आठ मिनिटं सगळं जाणून होतो, ही गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती. आत्या नऊ सेकंद उरले असताना उभी राहिली. आपण आठ मिनिटं उरली असतानाही राहिलो नाही.

आत्याने टेबलाचं काम सोडत असल्याचा अर्ज दिला. क्रीडासरांनी तो खणात टाकला आणि विचारलं की सांगायचे, "कुठला अर्ज? मी काही वाचलेलं नाही." तरी वर्षभर ती टेबलाकडे फिरकली नाही. शेवटी निळ्या कोचबाईंचाच फोन आला. त्यांच्या कॉलेजात स्पर्धा होती. "आमच्याकडे बाण नवा कोरा आहे हो," त्या म्हणाल्या, "फिरवायला माणूस नाही." आत्या गेली. तिथून पुढे निवृत्तीपर्यंत ती बसत राहिली. फक्त आता आधी हात बघायची, मग बोलायची, आणि त्यात जाणारा अर्धा क्षण घड्याळकाका डोळे मिटून सोसायचे.

पुढे भाची एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवू लागली. लग्न झालं, दुसऱ्या गावी गेली. सुटीत आत्याकडे यायची. त्या सामन्याची गोष्ट आता घरातली करमणूक झाली होती. पाहुणे आले की आत्या स्वतःच रंगवून सांगायची. कोचबाई, काका, निळी जर्सी, सगळ्यांचे आवाज काढून. गोष्ट पिनांपर्यंत आली की भाची उठायची. "चहा टाकते मी." कुणाला काही वाटायचं नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. चहा उकळेपर्यंत ती ओट्यापाशी उभी राहायची आणि आतून हसण्याचा आवाज आला की कप घेऊन बाहेर यायची.

आज सांगू, असं तिने कितीदा तरी ठरवलं. एकदा बसस्टॉपवर सांगायला गेली, तर बस आली. एकदा फोनवर म्हणाली, "आत्या, एक सांगायचं होतं," आणि पलीकडून उत्तर आलं, "सांग ना, पण पटकन, दूध उतू जाईल." दूधच उतू गेलं एकदाचं. वर्षं गेली. शाळेत एखाद्या मुलीने स्वतःहून "मॅडम, चेंडू माझ्याच हाताला लागून बाहेर गेला" असं सांगितलं, की भाची तिला शाबासकी द्यायची आणि मग बराच वेळ तिच्याकडे बघायचं टाळायची.

आत्याचं हृदय थकलं तेव्हा भाचीने तिला आपल्या घरी आणलं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती. रविवारी दुपारी टीव्हीवर महाविद्यालयीन मुलींचा राष्ट्रीय अंतिम सामना होता. आत्या दोन उशांना टेकून बसली होती, चष्मा नाकाच्या टोकावर, मांडीवर कुणी न मागितलेला कागद, हातात पेन. पंचांच्या एका निर्णयावर तिने "हं" असा आवाज काढला. ती नाराज असली की तसाच काढायची.

त्यानंतरची सकाळ तिने पाहिली नाही. झोपेतच गेली, कुणालाही न सांगता. त्यामुळे भाचीकडे राहिली ती रविवारची दुपार, आणि त्या दुपारचंही एवढंच.

शेवटचं सत्र सुरू झालं तेव्हा भाची औषधाची गोळी आणि पाणी घेऊन आली. पलंगासमोर उभी राहिली. आज बस नव्हती, दूध नव्हतं, पाहुणे नव्हते.

"आत्या," ती म्हणाली, "त्या दिवशी बाण तसाच राहिलाय हे मी बघितलं होतं. आठ मिनिटं होती अजून. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

आत्याने गोळी घेतली. पाणी प्यायली. पेला परत दिला. चष्मा वर सरकवून भाचीच्या चेहऱ्याकडे बघितलं, पंचांनी टेबलाकडे बघावं तसं, फार वेळ नाही. मग तिचा सुरकुतलेला हात भाचीच्या मनगटावर आला, आणि तिने तिला हलकेच, पलंगाच्या रिकाम्या बाजूला, स्वतःच्या शेजारी ओढलं.

"सरक गं जरा. स्कोअर दिसत नाहीये."