कपाटापाशी हिरवी होणारी बाई

आमच्या धाकट्या भावजींचं इस्त्रीचं दुकान आहे. माणूस असा, की समोरच्याचा चेहरा नंतर बघेल, आधी कॉलर बघेल. माझ्या नातवाच्या लग्नाचे फोटो दाखवले तर म्हणाले, "वहिनी, मुलाच्या कोटाला डाव्या खांद्यावर चुणी राहिलीय." नवरी कशी आहे ते त्यांनी अजून पाहिलं नसावं.

अशा सरळ घडीच्या माणसाला वेड लागावं ते एका मालिकेचं, आणि तीही अशी की जिला ना शेंडा ना बुडखा. 'फलाट नसलेलं स्टेशन' तिचं नाव. दर रविवारी संध्याकाळी लागायची. त्यात गाडी यायची ती छतावरून. स्टेशनमास्तर टेबलाच्या खणात एक मासा ठेवायचा आणि कुठली गाडी सोडायची ते त्याला विचारायचा. पाऊस पडला की खुर्च्या आक्रसायच्या. आणि एक बाई होती, हातात पेटी घेतलेली. ती खोलीच्या उजव्या कोपऱ्यातल्या कपाटाचं दार उघडून आत जायची आणि भलत्याच गावात बाहेर पडायची. मला विचाराल तर सगळं डोक्यावरून जायचं. मला वाटायचं, आपण शाळेत फार टिकलो नाही म्हणून कळत नाही. नंतर बघितलं, तर शेजारी बसलेल्या पोस्टमास्तरांचंही तोंड माझ्यासारखंच उघडं.

भावजींच्या दुकानातच आम्ही सगळे बघायचो. इस्त्री आणि टीव्ही एकाच तारेवर, इस्त्री तापली की चित्र थरथरायचं, म्हणून मालिकेच्या वेळी भावजी इस्त्रीचं बटण बंद करत. एरवी गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी हा माणूस इस्त्री खाली ठेवत नसे, टीव्ही तर लावतच नसे. दुकानाचा एक नियम होता. चालू असताना कुणी बोलायचं नाही, आणि संपल्यावर प्रत्येकानं काय पाहिलं ते सांगायचं. 'मला काही कळलं नाही' असं म्हणायला बंदी. मी आपली दर वेळी म्हणायची, "मासा आज जरा उदास वाटला." चालून जायचं.

या सगळ्यात भावजींच्या बरोबरीचा एकच, तो म्हणजे समोरचा घड्याळवाला. दुकानं समोरासमोर, दोघं लहानपणापासूनचे मित्र. हा त्याला घड्याळ्या म्हणायचा, तो याला इस्त्र्या. एकाचं काही मोडलं की दुसरा आपल्या घरातलं काढून द्यायचा. भावजींना खाली सांडलेल्या टाचण्या उचलायला मोठं गोल लोहचुंबक दिलं, तेही त्यानंच. आणि मालिका संपली की दोघं भांडायला बसायचे. काय ते भांडण! मासा खरा की रबरी, गाडी छतावरून का येते, एकेका गोष्टीवर तासन्‌तास. बाकीचे घरी जायचे, हे दोघं रस्त्याच्या मधोमध उभे.

भांडणाचा मोठा विषय होता पेटीवाली. कारण ती कपाटापाशी गेली की हिरवी व्हायची. आधी खांदा, मग गाल, मग अख्खी बाई हिरवीगार. कपाटापासून दूर आली की पुन्हा माणसाच्या रंगाची. घड्याळवाला म्हणायचा, तो विषाचा रंग, बाई केव्हाच मेलेली आहे, फिरतंय ते भूत. भावजी म्हणायचे, हिरवं म्हणजे पालवी. ती आत जाऊन नव्यानं उगवून येते.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्याच वर्षी माझी धाकटी जाऊ, भावजींची बायको, गेली. तापाचं निमित्त झालं आणि भरल्या घरातून उठून गेली. त्यांची पोर तेव्हा शाळेत होती. भावजी रडले नाहीत, फक्त इस्त्री करत राहिले. एकच शर्ट पुन्हा पुन्हा. आणि रविवारी मालिका बघत राहिले.

मग तो भाग आला. पेटीवाली कपाटाकडे चालत गेली, हिरवी झाली, आत गेली, दार लागलं आणि पडदा काळा. खाली अक्षरं आली, क्रमशः. भावजी हळूच म्हणाले, "येईल ती परत."

घड्याळवाला भांडणाच्या भरात होता. बोलून गेला, "अरे, मेलेली बाई कधी परत येते का?"

भावजी उठले, इस्त्रीचं बटण लावलं आणि त्याच्याकडे पाठ केली.

पुढच्या रविवारी मालिका आलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बनवणाऱ्यांचं आपसात बिनसलं असं कुणी म्हणालं, कुणी काही. मालिका बंद ती बंद, आणि या दोघांचं बोलणंही बंद. वर्षांमागून वर्षं गेली. पोर मोठी झाली, कामाला लागली. घड्याळवाल्यानं त्यानंतर कपडे दुसऱ्या कुणाकडे दिले नाहीत आणि भावजींकडेही नाहीत. चुरगळलेला फिरला. भावजींचं मनगटावरचं घड्याळ बंद पडलं, तसंच घालत राहिले. वेळ विचारली तर म्हणायचे, "समोर भिंतभर लावून ठेवलीत की त्यानं, बघा." स्वतः मात्र तिकडे मान वर करून बघायचे नाहीत.

या वर्षी पुतणी धावत आली. मी दुकानातच बसले होते, बटणं निवडत.

"बाबा! मोठी आई! 'फलाट नसलेलं स्टेशन' परत येतंय! तीच बाई, तेच स्टेशन. आधी जुना शेवटचा भाग दाखवणार, मग लगेच नवा!"

भावजींनी इस्त्री उभी केली. "मासा?"

"मासा पण असेल हो बाबा."

त्या दिवसापासून माणूस बदलला. दुकान झाडून काढलं. जाळी काढताना शिंकून शिंकून बेजार झाले. जुन्या टीव्हीच्या जागी पुतणीनं नवा पातळ टीव्ही आणून ठेवला. खुर्च्या गोळा केल्या. जुन्या लोकांत जे होते त्यांना सांगून आले. पोस्टमास्तर आता नीट ऐकू येत नसतानाही येतो म्हणाले. सगळं झालं, तरी भावजी आपले आत-बाहेर करत होते.

मी म्हटलं, "भावजी, समोर सांगून या की."

"मी कशाला? त्याला काय कळत नाही का, मालिका येतेय म्हणून?"

"मग नसू दे. बाकी सगळे येतायत."

त्यांनी मांडलेली खुर्ची उचलून पुन्हा तिथेच ठेवली. मग म्हणाले, "वहिनी, बघायला कुणीही चालतं. पण नंतर भांडायला तोच लागतो. तो नसेल तर मला नाही बघायचं. खरंच नाही."

मी रस्ता ओलांडून गेले. घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून बसला होता. भिंग न काढताच म्हणाला, "वहिनी, पट्टा की सेल?"

"माणूस," मी म्हटलं. "रविवारी या. जागा ठेवलीय."

"त्यानं सांगितलं?"

"नाही. त्यांच्या तोंडावरून कळलं."

त्यानं भिंग काढलं. केस सगळे पांढरे झाले होते, आणि शर्टाची तर नुसती जिलबी. म्हणाला, "मी आलो आणि त्यानं तोंड फिरवलं तर? एकदा फिरवलेलं बघितलंय मी. या वयात पुन्हा नाही सोसायचं."

"आणि तुम्ही नाही आलात तर तेही बघणार नाहीत. मग दोघंही बसा आपापल्या दुकानात, भिंतीकडे तोंड करून." मी निघून आले. अशा माणसांना फार समजावत बसू नये, फुगतात.

रविवारी दुकान भरलं. भावजींच्या शेजारची खुर्ची रिकामी. कुणी बसायला गेलं की म्हणायचे, "तिचा पाय मोडलाय." पाय धडधाकट होता. जुना भाग सुरू झाला तरी त्यांचं लक्ष पडद्यापेक्षा दाराकडे जास्त. माझाही जीव टांगणीला. आणि मग दारात कुणीतरी खाकरलं. घड्याळवाला. पोस्टमास्तरांकडे बघून म्हणाला, "माझ्याकडची लाईट गेलीय." त्याच्या दुकानातला दिवा सगळ्यांना इथून दिसत होता. भावजींनी खुर्चीवरचा हात काढला. तो बसला. दोघंही नाकासमोर बघत.

पडद्यावर पेटीवाली उठली. कपाटाकडे निघाली. सगळे पुढे वाकले. ती कपाटाजवळ पोचली, हात दाराला लावला, आणि तरी माणसाच्याच रंगाची दिसत होती. गोरी बाई, निळी साडी. आत गेली. दार लागलं.

"हिरवी का नाही झाली?" दोघं एकदमच ओरडले. आणि एकदमच एकमेकांकडे बघून गप्प झाले.

"टीव्ही बिघडलाय तुझा," भावजी पोरीला म्हणाले. "रंग नाही येत नीट."

पुतणी फोनमध्ये शोधत होती. म्हणाली, "बाबा, ती कुठेच हिरवी नाहीये. इथे हजारो लोकांनी या भागावर लिहिलंय, फोटो टाकलेत. हिरवं कुणीच म्हणत नाही. तुम्ही सोडून जगात कुणी तिला हिरवी बघितलेलीच नाही."

आता मात्र मीही हबकले. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती!

घड्याळवाला उठला. टीव्हीच्या उजव्या बाजूला हँगर टांगायचा लोखंडी घोडा आहे, त्याच्याजवळ गेला. घोड्याला ते गोल लोहचुंबक चिकटलेलं होतं, टाचण्यांनी भरून साळिंदर झालेलं. तो त्याच्याकडे बघतच राहिला. "हे कधीपासून इथे आहे?"

"तू दिलंस तेव्हापासून. हाताशी बरं पडतं."

"अरे देवा." तो मटकन बसला. "अरे इस्त्र्या, जुन्या टीव्हीजवळ लोहचुंबक ठेवलं की त्या बाजूचे रंग फाटतात. माझ्या घड्याळांची वाट लावेल म्हणून मी हे तुला दिलं, आणि तू टीव्हीशेजारी चिकटवलंस! उजवी बाजू हिरवी होती. तिथे जे येईल ते हिरवं. भिंत, कपाटही हिरवं, तो त्यांचा रंगच वाटला आपल्याला. कपाट उजवीकडेच होतं ना!"

पोस्टमास्तर म्हणाले, "काय म्हणतोय तो?" पुतणीनं त्यांच्या कानात ओरडून सांगितलं, तसे ते हसायला लागले, मग सगळेच. भावजी तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे ना विष, ना पालवी."

"काहीच नाही. टाचण्या." घड्याळवाला म्हणाला. "आणि त्यावरून मी तुला काय बोललो. मला त्या टीव्हीतल्या बाईबद्दल बोलायचं होतं रे. तोंडातून निघालं आणि लगेच कळलं कुठे लागलं ते. पण तू पाठ फिरवलेली होतीस. मला पाठीशी बोलता येईना."

भावजी त्याच्याकडे बघत होते. नेहमीसारखं कॉलरकडे नाही, तोंडाकडे. म्हणाले, "मलाही वळता येईना. मग रोज वाटायचं, आज वळावं. सवयच झाली न वळायची."

"श्श! नवा भाग लागला!" पुतणी ओरडली.

पडद्यावर तेच स्टेशन, भिंतींना पोपडे आलेले. मास्तरची खुर्ची रिकामी. मासा मात्र खणात होता, चांगला लठ्ठ झालेला. बराच वेळ काहीच घडेना. मग कपाटाचं दार आतून ढकललं गेलं, अडकलं, पुन्हा ढकललं गेलं, आणि एक म्हातारी बाहेर आली. केस पिकलेले, चालताना गुडघ्यावर हात. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मास्तरच्या खुर्चीत जाऊन बसली.

"आली," भावजी म्हणाले. डोळ्यांतलं पाणी पुसलंही नाही त्यांनी.

"आली बाबा," घड्याळवाला म्हणाला. "मी हरलो." आणि क्षणभर थांबून, "पण पेटी कुठंय तिची?"

"आत विसरली असेल."

"विसरेल कशी? ही तीच आहे कशावरून? तिची बहीण असेल."

"बहीण? अरे, चाल बघ की जरा! मान बघ!"

"मानेचं काय घेऊन बसलास, म्हातारपणी सगळ्यांच्या माना सारख्याच!"

"चालू असताना बोलायचं नाही!" पुतणीनं नियम सांगितला. कोण ऐकतो. त्यापुढचं मला काहीच कळलं नाही, कारण एक अक्षर ऐकू आलं नाही. संपल्यावर बाकीचे घरी गेले आणि हे दोघं बोलत बोलत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. एक सायकलवाला घंटी वाजवून वाजवून दमला, शेवटी उतरून बाजूनं गेला.